कारभार शिकायचा कुठे?

पदवी हातात पडली की सिंधुदुर्गातल्या मुलामुलींना सरकारकडे जाणारे दोनच रस्ते दिसतात. एक पुण्याच्या अभ्यासिकेतून जातो, दुसरा कुठल्या तरी नेत्याच्या कार्यालयातून. पहिल्या रस्त्यावर परीक्षा असते आणि तू कोणाचा, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्यावर परीक्षा नसते, पण तू कोणाचा हे सगळ्यात आधी सांगावे लागते. या दोन रस्त्यांच्या मधे बरीच मोठी जागा आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, आमदाराचे कार्यालय, मच्छीमार सोसायटी, बंदरावरचे परवान्याचे टेबल. सरकार आणि राजकारण दोन्ही जिथे प्रत्यक्ष घडते ती हीच जागा. तिथे पदवीधराला पगारावर घेऊन काम शिकवायची सोय आपण केलेली नाही. ती केली पाहिजे आणि पदवीनंतरची पहिली नोकरी तिथेच असली पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे. पण त्यासाठी जरा मागे जावे लागेल.

मालवणचा या विषयाशी संबंध फार जुना. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीकडे झाली म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. पुढे १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानड्यांच्या बरोबर हा मालवणात जन्मलेला तरुण होता. सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक, कॉलेजातले प्राध्यापक, विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९०३ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे नियुक्त सभासद अशी त्यांची वाट झाली. म्हणजे या प्रांताच्या पहिल्या पदवीधरांपैकी एकाच्या आयुष्यात सरकारी नोकरी आणि राजकारण दोन्ही आले, आणि त्याची सुरुवात तालुक्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाच्या बदलीने झाली. त्याच्याही आधी देवगडच्या पोंभुर्ल्यातून बाळशास्त्री जांभेकर मुंबईला जाऊन शिक्षणाच्या कामाला लागले होते. किनाऱ्याने यातून एक धडा घेतला आणि तो दीडशे वर्षे सोडला नाही: शिकलेल्या मुलाला सरकार वर नेते, आणि वर म्हणजे गावाबाहेर.

विसाव्या शतकात सरकारच्या जोडीला मुंबईची गिरणी, गोदी, बेस्ट आणि बँक आली. घरे मनीऑर्डरीवर चालली. राजकारणाचाही या नोकऱ्यांशी थेट संबंध होता, हे आज आपण विसरतो. साठच्या दशकात ‘मार्मिक’ साप्ताहिकात मुंबईच्या कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापून यायच्या, त्या वाचून पेटलेली पोरे १९६६ साली शिवसेनेत आली. सत्तरच्या दशकात शिवसेनेच्याच स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या, विमानतळ अशा ठिकाणी मराठी मुलांच्या भरतीसाठी टक्कर दिली आणि कोकणातल्या कितीतरी घरांत पहिला पक्का पगार त्यातून आला. या चळवळीच्या भाषेबद्दल आणि तिने कोणाला शत्रू ठरवले याबद्दल माझे गंभीर मतभेद आहेत. पण राजकीय पक्षाने तरुणांना अर्ज भरायला, टंकलेखन शिकायला, मुलाखतीला उभे राहायला शिकवले, हे काम खरे होते. त्याचे फळ मात्र मुंबईत लागले. नारायण राणे कणकवलीचे, पण राजकारण शिकले चेंबूरच्या शाखेत. १९८५ साली मुंबईत नगरसेवक झाले आणि १९९० साली मालवणातून आमदार. स. का. पाटलांचे नाव आज मालवणच्या महाविद्यालयाला आहे, त्यांचे राजकारण उभे राहिले ते मुंबई महापालिकेत आणि मुंबई काँग्रेसमध्ये. या जिल्ह्याचे राजकारणसुद्धा मुंबईत शिकून गावी आले. गावात ते शिकायची शाळा कधी निघालीच नाही.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. ओरोसला जिल्ह्याचे मुख्यालय उभे राहिले, कचेऱ्या आल्या, तेव्हा लोकांना वाटले की आता पोरांना दूर जावे लागणार नाही. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ साली ती ८ लाख ४९ हजारांवर आली. राज्याची एकूण लोकसंख्या वाढत असताना आपण दहा वर्षांत घटलो. आणि हाच जिल्हा दहावी-बारावीच्या निकालात जवळजवळ दरवर्षी राज्याच्या माथ्यावर असतो. इतकी हुशार पोरे तयार करून बाहेर पाठवणारा दुसरा जिल्हा राज्यात शोधावा लागेल.

आता त्या पहिल्या रस्त्याबद्दल. त्याला नावे ठेवणे सोपे आहे आणि मला ते करायचे नाही. खारवी-गाबित घरातली मुलगी, बौद्धवाडीतला मुलगा, आंब्याच्या बागेत राखणीला राहणाऱ्याचे पोर, यांना कोणाच्या पाया न पडता अधिकाराच्या खुर्चीवर बसायची एकच खात्रीची वाट या देशाने काढली, ती स्पर्धा परीक्षा. ती वाट मोडू नये. पण तिच्यावर काय चालले आहे, ते उघड्या डोळ्यांनी पाहावे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. शुल्क खुल्या गटाला १००० रुपये, राखीव गटाला ९००. हिशेब मांडला तर बेकार मुलांच्या खिशातून नुसत्या शुल्काचे शंभर कोटींच्या आसपास रुपये गोळा झाले. राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. सवलत म्हणून ही मर्यादा वाढवली गेली आणि तीच अनेकांची बेडी झाली, कारण सोडायचे कधी हे सांगायला कोणी नाही. २०२१ साली आरोग्य खात्याच्या भरतीचे पेपर फुटले आणि शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. २०२३ च्या सुरुवातीला राज्यसेवा परीक्षेची वर्णनात्मक स्वरूपाची नवी पद्धत लगेच लागू करू नका म्हणून पुण्यात हजारो मुले रस्त्यावर बसली आणि सरकारला ती २०२५ पर्यंत पुढे ढकलावी लागली. ज्या मुलांनी जुन्या पद्धतीत तीन-चार वर्षे घातली होती, त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचे बरोबर होते. पण कारभार करायला निघालेल्या माणसाला चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची भीती वाटावी, अशी तयारी आपण त्यांच्याकडून करून घेतली, हे त्या आंदोलनाने दाखवले.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या खोलीत, मेसच्या डब्यावर, बावीस ते तीस ही वर्षे जातात. पैसे घरून येतात: बापाच्या होडीचे, आईच्या काजूचे, मुंबईच्या मामाचे. त्या काळात मुलगा राज्यघटनेची कलमे पाठ करतो, पंचायत राजवरच्या समित्यांची नावे क्रमाने सांगतो. त्याच काळात त्याच्या गावात २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. शंभर माणसे किंवा पंधरा टक्के मतदार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही म्हणून चार-सहा माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. गणसंख्येचा नियम तोंडपाठ असलेला मुलगा त्या सभेला नसतो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला तिथे कोणी बोलावले नाही, आणि तिथे बसून त्याचे पोट भरत नाही.

जे पास होतात त्यांचे कौतुक आपण बॅनर लावून करतो. त्यांची नेमणूक बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात होते आणि आपल्याकडे दुसऱ्या जिल्ह्यातली मुले येतात. शिक्षकांच्या बाबतीत हे दुखणे फार जुने. बाहेरून आलेला शिक्षक वाडीवरच्या दोन शिक्षकी शाळेत रुजू होतो, मुलांची मालवणी त्याला उमगायला लागेपर्यंत आंतरजिल्हा बदलीचा अर्ज घातलेला असतो, आणि जागा पुन्हा रिकामी. इथल्या डी.एड. झालेल्या मुलांनी ओरोसला आंदोलने केली, स्थानिकांना घ्या म्हणाले. त्यांची तळमळ कळते, पण रहिवासाच्या आधारावर सरकारी नोकरीत भेद करायला घटनेच्या सोळाव्या कलमाची मनाई आहे आणि अपवाद करायचा अधिकार फक्त संसदेला आहे. जिल्ह्यातला कोणताही पुढारी सभेत याहून वेगळे आश्वासन देत असेल, तर तो मुलांना फसवतो आहे.

दुसरा रस्ता राजकारणाचा. इथे मला जास्त वेळ थांबायचे आहे, कारण याबद्दल आपण घरात बोलतो आणि लिहीत नाही. नेत्याबरोबर फिरणाऱ्या पदवीधर मुलाला पगार कोण देतो? पक्ष देत नाही. पूर्वी एक वेगळी रीत होती. समाजवादी, सेवादल, कम्युनिस्ट, संघ, कोणत्याही रंगाचे असोत, त्यांच्याकडे पूर्णवेळ कार्यकर्ते असत आणि त्यांना तुटपुंजे का होईना, मानधन मिळे. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे, १९५७ पासून तीनदा राजापूरचे खासदार. त्यांच्यानंतर १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवते, जे मुळात मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. त्यांच्या निवडणुका गावोगावच्या शिक्षकांनी, ग्रंथालयाच्या चालकांनी आणि अशा मानधनी कार्यकर्त्यांनी चालवल्या. कोकण रेल्वेचा पाठपुरावा भाषणांनी जेवढा झाला तेवढाच कागदांनी झाला, आणि कागद करायला माणसे लागतात.

आज त्या मानधनाची जागा कामांनी घेतली आहे. पाखाडी, संरक्षक भिंत, स्मशानशेड, सभामंडप, वाडीपर्यंतचा डांबरी तुकडा. कार्यकर्त्याला काम मिळते आणि कामातून त्याचे घर चालते. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी आणि मजूर संस्थांसाठी कामे राखून ठेवायची चांगली योजना राज्यात आहे, तिचाही मुक्काम शेवटी इथेच येतो, कारण काम कोणाला जाणार हे कोण कोणाबरोबर फिरतो यावर ठरते. मी यात माणसांना वाईट म्हणत नाही. पंचविशीतल्या मुलाला मोटारसायकलचा हप्ता भरायचा असतो, आईचे औषध आणायचे असते. राजकारणाने त्याला उघडपणे पगार दिला नाही, तर तो टक्क्यावर जगणार. मग रस्ता पावसात वाहून गेला तर त्याबद्दल तो कसे बोलेल? ज्याने प्रश्न विचारायचा तोच ठेकेदार, अशी स्थिती आपण तयार केली. आणि ज्याला असे जगायचे नाही, ज्याच्या घरी हॉटेल, खाण किंवा डंपर नाहीत, तो राजकारणाच्या बाहेरच राहतो. म्हणून आमच्या किनाऱ्यावर राजकारण हे पैसेवाल्यांचे आणि ठेकेदारांचे झाले. बिनपगारी राजकारण गरिबाला परवडत नाही, ही साधी गोष्ट आहे.

सरपंचपदाचे उदाहरण घ्या. एकवीस वर्षे पूर्ण झाली की ते लढवता येते, निम्मी पदे स्त्रियांसाठी आहेत, २०२२ पासून पुन्हा थेट जनतेतून निवड होते. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलगी सरपंच होऊ शकते आणि काही ठिकाणी झाल्याही आहेत. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात तिचे मानधन २०२४ पर्यंत महिना ३००० होते, आता ६००० आहे. सिंधुदुर्गातली बहुतेक गावे याच गटातली. सहा हजारांत तिने ओरोसच्या खेपा घालायच्या, तालुक्याला बैठकांना जायचे, फोन चालू ठेवायचा. मग कागद नवरा किंवा दीर सांभाळू लागतो आणि लोक त्यालाच सरपंच म्हणू लागतात. लायकीचा प्रश्न तिथे नसतो, एस.टी.च्या तिकिटाचा असतो.

आणि काम नाही असे आहे का? किनाऱ्यावर कामच काम आहे. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा झगडा वीस वर्षे चालू आहे. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, सोमवंशी समितीचा अहवाल, पर्ससीनला हंगाम आणि हद्द घालून देणारा ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश, २०२१ ची दुरुस्ती, हे सगळे सलग वाचून रापणकाराला समजेल असे सांगणारा माणूस प्रत्येक बंदरावर हवा. किनारा नियमन क्षेत्राचे नकाशे निघाले, त्यांवर हरकती घ्यायच्या होत्या, तेव्हा आपल्या वाडीची मासे सुकवायची जागा नकाशात आहे की नाही हे पाहू शकणारे किती जण होते? १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून त्याबद्दलची भीती आणि अफवा दोन्ही टिकून आहेत, कारण गावाच्या बाजूचा कोणी त्या फायली घेऊन बसला नाही. तोंडवळी-वायंगणीचा सी-वर्ल्ड प्रकल्प लोकांनी अडवला, तिथेही विरोध करणाऱ्यांना जमिनीचे कागद वाचता येणाऱ्या माणसांची वाण भासली. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो, त्यातला ठरावीक कामांसाठी बांधलेला (बंधित) किती, मोकळा (अबंधित) किती, हे सदस्यांना विचारून पाहा.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा आठवा. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला त्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते किल्ल्याच्या दारात एकमेकांना भिडले, देशभर चित्रे गेली. त्या गडबडीत एक गोष्ट मागे पडली. कोसळायच्या आधी २० ऑगस्टला मालवणच्या सार्वजनिक बांधकाम कार्यालयातल्या सहायक अभियंत्याने नौदलाच्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवून पाऊस आणि खाऱ्या वाऱ्यामुळे नटबोल्ट गंजत असल्याचे कळवले होते. सरकारी नोकरी म्हणजे काय, हे मला त्या पत्रात दिसते: इथल्या वाऱ्याची ओळख आणि ते वेळेवर कागदावर आणण्याची सवय. त्या पत्राचा पाठपुरावा करणारा कोणी लोकांच्या बाजूला असता, ते कोणत्या टेबलावर आहे हे विचारणारा, तर काय झाले असते हे सांगता येत नाही. पण घोषणा द्यायला पोरांना बोलावणारे पक्ष आमच्याकडे भरपूर आहेत आणि असे पत्र वाचून पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा हे शिकवणारा एकही नाही.

सरकारने मधल्या जागेत काहीच केले नाही असे नाही. २०१५ साली मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली, मधे बंद पडली, २०२३ पासून पुन्हा चालू झाली. एकवीस ते सव्वीस वयाची, प्रथम श्रेणीची आणि वर्षभराचा अनुभव असलेली साठेक मुले राज्यभरातून निवडतात. चांगली योजना, पण साठ मुले आणि तीही बरीचशी मोठ्या संस्थांतून आलेली. दिल्लीत खासदारांना अभ्यास करून देणाऱ्या तरुणांची लॅम्प फेलोशिप २०१० पासून आहे, ती इंग्रजीत चालते. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना मात्र थेट गावात पोचली. पदवीधराला महिना १०,००० रुपये, सहा महिने, पुढे अकरा. तलाठी कार्यालयात, शाळेत, ग्रामपंचायतीत मुले बसली. आणि मग मुदत संपली, मुलांनी कायम करा म्हणून आंदोलन सुरू केले, सरकारने हात वर केले. माझ्या मते त्या योजनेचा विचार बरोबर होता आणि आखणी कच्ची. निवड कसोटी न लावता झाली, काम ठरवून दिले नाही, शिकवायला कोणी नव्हते, आणि शेवटी मिळालेल्या दाखल्याला पुढच्या कुठल्याही दारात किंमत नव्हती. निवडणुकीच्या तोंडावर घाईने काढलेल्या योजनेचे असेच होते.

तीच गोष्ट नीट करता येईल. जिल्ह्याची एक लेखी परीक्षा घ्यावी, मराठीत आणि स्वतःच्या शब्दांत लिहायची: एक ग्रामसभेचे इतिवृत्त, एक अर्ज, एका अंदाजपत्रकाचा अर्थ. गुणानुक्रमे शंभर पदवीधर दोन वर्षांसाठी घ्यावेत, महिना १५,००० वर. वर्षाला १ कोटी ८० लाख रुपये होतात. जिल्हा नियोजन समितीचा वर्षाचा आराखडा दोनशे कोटींच्या वर आहे. आठ तालुक्यांत ही मुले चार-पाच ग्रामपंचायतींना मिळून एक अशी काम करतील: विकास आराखडा, किनाऱ्याचे नकाशे, मत्स्य परवाने, वनहक्क आणि सातबाऱ्याचे अर्ज, सेवा हक्क कायद्याची मुदत टळलेली प्रकरणे. कायम होणार नाही, हे पहिल्या दिवशी लिहून द्यावे, आणि त्या बदल्यात दोन वर्षांच्या कामाला जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या भरतीत काही गुण द्यावेत. त्यासाठी सेवाप्रवेश नियम बदलावे लागतील, ते राज्याच्या हातात आहे.

पालकमंत्र्यांची माणसे यादीत घुसतील, हा आक्षेप मी ऐकतो आणि तो खरा आहे. म्हणून परीक्षा हवी आणि उत्तरपत्रिका सगळ्यांना पाहता याव्यात. दुसरा आक्षेप असा की पोरे दोन वर्षांनी पुन्हा पुण्याला जातील. जाऊ देत. चोवीस वर्षांची, दोन वर्षे पगार घेतलेली, फाईल कशी हलते ते पाहिलेली मुलगी परीक्षेला बसली तर ती जास्त चांगली अधिकारी होईल. नाही पास झाली तरी तिच्या हातात काहीतरी असेल. आणि तिला निवडणूक लढवावीशी वाटली, तर ठेकेदारीतून न जाता लढवता येईल. मला ही शेवटची शक्यता सगळ्यात मोलाची वाटते. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. तेवढा काळ तालुक्यातल्या तरुणाला राजकारणात उमेदवारी करायची पायरीच नव्हती. असे पुन्हा होऊ नये, म्हणून दबाव आणणारी पिढी याच कामातून तयार होईल.

पक्षांनीही आपल्या बाजूने काही करायचे आहे. आमदाराच्या स्वीय सहायकाचा पगार सरकारी तिजोरीतून जातो. ती जागा जाहिरात देऊन भरा, मालवण-कुडाळ किंवा सावंतवाडीच्या एखाद्या आमदाराने एकदा करून दाखवावे. तालुका कार्यालयात बसणाऱ्या मुलाला पक्षनिधीतून धनादेशाने पगार द्या. ज्या पक्षाला सभेचा मंडप आणि गाड्या परवडतात, त्याला आठ तालुक्यांत आठ पगार परवडतात.

यासाठी सरकारची वाट पाहावी लागू नये, असे एक दार आजच उघडे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि समाजात जाऊन करायचे काम आले आहे. कला शाखेच्या मुलांना कुठे पाठवायचे हा प्रश्न मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ला, कणकवली, कुडाळ, सगळीकडच्या प्राध्यापकांपुढे आहे, आणि कोणत्या तरी दुकानाचा किंवा पतपेढीचा शिक्का आणून तो सोडवला जातो. त्याऐवजी राज्यशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या मुलांना त्यांच्याच ग्रामपंचायतीत पाठवा. मागच्या पाच वर्षांची ग्रामसभेची इतिवृत्ते वाचायला लावा, मंजूर कामांपैकी कोणती जागेवर आहेत ते मोजायला लावा, आणि तो अहवाल पुढच्या ग्रामसभेत त्यांनाच वाचू द्या. प्राचार्यांनी गटविकास अधिकाऱ्याला एक पत्र लिहिले की हे सुरू होते. या वर्षीच्या तुकडीसाठी ते पत्र जून-जुलैतच जायला हवे, म्हणजे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मुले हजर असतील.